पाटी काढून ठेवली आहे

वकील निवडायला म्हणून पोंक्षे मंडळी रविवारी सकाळी जमली आणि पहिला अर्धा तास चहात आलं आहे की गवती चहा, यावर गेला. कौशल्यावन्संचं म्हणणं, गवती चहा. अनंतभावोजींचं म्हणणं, दोन्ही. ज्यांनी चहा केला होता त्या सुहासिनीबाईंना कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलंही नाही. आयुष्यभर शाळेत गणित शिकवल्यावर माणसाला एवढं कळतं, की वर्ग आपणहून गप्प होईपर्यंत फळ्याकडे वळू नये.

"बरं, आता मुद्द्यावर या," शेवटी वन्संच म्हणाल्या. मुद्द्यावरून सगळ्यांना लांब त्यांनीच नेलं होतं. पण शनिवार पेठेतून कर्वेनगरला रिक्षाने येण्याचे कष्ट घेतल्यावर आणखी कोणी काही बोलायचं नाही, असा त्यांचा नियम होता.

मुद्दा परसात होता. घरामागे पत्र्याची शेड होती, तीत पोंक्षे प्लेटिंग वर्क्स. सुहासिनीबाईंच्या सासऱ्यांनी, दीनानाथ पोंक्ष्यांनी, सुरू केलेलं आणि सुहासिनीबाईंचे यजमान श्रीनिवास गेले तेव्हापासून बंद पडलेलं. एके काळी निम्म्या पुण्याचे नळ, सायकलींचे हँडल आणि स्कूटरचे बंपर इथे क्रोम चढवून चकचकीत होत. नळ गेले, बंपर गेले. टाक्यांतलं जे पाणी वर्षानुवर्षं जमिनीत मुरलं ते मात्र कुठे गेलं नाही. शेडमागच्या विहिरीचं पाणी पिवळसर हिरवं झालं होतं. दिसायला छान होतं, लिंबाच्या सरबतासारखं.

आता बिल्डर घर आणि शेड दोन्ही पाडून इमारत उभी करणार होता. त्याच्या कराराचा मसुदा टीपॉयवर, चकल्यांच्या ताटलीखाली होता. तिघांच्या सह्या हव्या होत्या: सुहासिनीबाई, दीर अनंत आणि नणंद कौशल्या. त्यातलं एक वाक्य सुहासिनीबाईंनी पेन्सिलीने अधोरेखित केलं होतं. 'सदर जमिनीत कोणताही दोष असल्याचे लिहून देणार यांस माहीत नाही.' आणि सोबतच्या नकाशावर, जिथे आज टाक्यांचे खड्डे आहेत बरोबर तिथे, बिल्डरने हिरवा चौकोन काढून लिहिलं होतं, 'मुलांचे खेळघर व वाळूचा हौद'.

त्या वाक्याखाली सही करायची नाही, हे सुहासिनीबाईंनी मनाशी पक्कं केलं होतं. पण एकटीने नाही म्हटलं तर भावोजींची नव्या इमारतीतली लिफ्ट जाणार, वन्संचा हिस्सा अडकणार, आणि उरलेलं आयुष्य 'वहिनीने घालवलं' हे ऐकण्यात जाणार. तेव्हा वकीलच असा हवा होता जो हे वाक्य खोडून दाखवेल, आणि तो तिघांनी मिळून नेमायला हवा होता. त्यांना मनातून धास्ती वाटत होती. पोंक्ष्यांनी तिघांनी मिळून आजवर फक्त एकमेकांच्या चुका काढल्या होत्या.

"गद्रे," वन्सं म्हणाल्या. "दुसरं नाव घ्यायची गरजच काय? आपल्या वाटण्या त्यांनीच केल्या. एक तरी भांडण कोर्टात गेलं का?"

"नाही," सुहासिनीबाई म्हणाल्या. "सगळी घरातच राहिली."

गद्रे वकील गुरुवारी येऊन जागा पाहून गेले होते. शेड पाहिली, विहीर पाहिली, आणि विहिरीच्या फाटकावरची पाटी वाचून तिथेच थांबले. ती पाटी सासऱ्यांनी स्वतः रंगवलेली होती. 'ह्या विहिरीचे पाणी पिण्याजोगे नाही. आमचे न ऐकता प्यायल्यास नंतर सांगायला येऊ नये. – दी. वि. पोंक्षे.' गद्र्यांनी ती दोनदा वाचली आणि एवढंच म्हणाले, "ही आधी काढा. घरच्या फाटकावर माहीत आहे म्हणून लिहायचं आणि करारात माहीत नाही म्हणून, हे शोभत नाही."

"बघा, किती मुद्द्याचं बोलले," भावोजी म्हणाले. ते गद्र्यांच्या बाजूचे होते कारण गद्रे लवकर होईल म्हणाले होते. भावोजी वरच्या मजल्यावर राहत आणि गुडघ्यांमुळे जिना आडवे होऊन चढत, एका पायरीवर दोन्ही पाय ठेवत. लिफ्टचा त्यांनी ध्यास घेतला होता. आरसा कुठल्या बाजूला हवा ते ठरलं होतं, आणि आत लावायची पाटीसुद्धा तयार होती: 'लिफ्टमध्ये गप्पा सुरू करू नयेत. मजला येतो.' पाट्यांचं हे वेड त्यांना वडिलांकडून आलेलं. दाराच्या बेलखालीही त्यांचीच होती: 'बेल एकदाच वाजवावी. ऐकू येते.'

"बाबा, गद्रेआजोबा टायटल बघतात," त्यांची मुलगी स्वराली म्हणाली. ती खिडकीत मांडी घालून बसली होती. "टायटल क्लिअर असणं वेगळं आणि जमीन क्लिअर असणं वेगळं. मातीचं कोण बघणार?"

"माती बघायला वकील कशाला? माळी बोलवू."

"मी राजनंदिनीला बोलावलंय. माझ्या मैत्रिणीची रूममेट होती. तिचं कामच ते आहे. खराब झालेल्या जमिनी, खराब झालेलं पाणी. हरित लवादात असते."

"म्हणजे घाणीची वकील," वन्सं म्हणाल्या.

"हो आत्या. आणि घाण आपल्याकडे आहे."

वन्संनी चकली मोडली आणि अर्धी परत ठेवली. हे त्यांचं नापसंतीचं चिन्ह होतं. सुहासिनीबाईंनी दोघींकडे पाहिलं आणि मग उगाच भावोजींच्या हाताकडे. त्यांच्या अंगठ्याच्या नखात पांढरा ऑइलपेंट होता. लिफ्टच्या पाटीला एवढ्यात रंगही द्यायला लागले की काय, असं त्यांच्या मनात आलं. पण तेवढ्यात बेल वाजली, एकदाच, आणि वन्सं म्हणाल्या, "वाचता येतं म्हणायचं."

ॲडव्होकेट राजनंदिनी ढोले हेल्मेट काखेत घेऊन आत आल्या. चप्पल काढली, हेल्मेट कुठे ठेवू विचारलं, आणि सगळ्यांना वाकून नमस्कार केला. भावोजी तेवढ्यानेच थोडे विरघळले.

"कुठल्या तुम्ही?" वन्संनी विचारलं.

"मूळची आर्वीची, वर्धा जिल्हा. आता विश्रांतवाडीत राहते."

"अरे बापरे. आणि रोज पुण्यात येता?"

"विश्रांतवाडी पुण्यातच आहे, आत्या," स्वराली म्हणाली.

"असेल बाई. हल्ली सगळंच असतं."

राजनंदिनीने हसू दाबलं आणि मसुदा मागितला. चकल्यांची ताटली बाजूला करून तिने तो शेवटच्या पानापर्यंत वाचला. मध्ये एकदाच पेन्सिलीच्या रेघेवर बोट ठेवलं. "ही कोणी मारली?"

"मी," सुहासिनीबाई म्हणाल्या.

"बरोबर जागी मारली. हे वाक्य जायला पाहिजे." मग तिने आपलं म्हणणं सांगितलं, पाल्हाळ न लावता. आधी माती आणि पाणी तपासून घ्यायचं. जे निघेल ते प्रदूषण मंडळाला आपणहून कळवायचं. आणि जमीन साफ कशी करायची, कोणी करायची, खर्च कोणी किती उचलायचा, ते करारात स्पष्ट लिहायचं. बांधकाम त्यानंतर.

"म्हणजे केव्हा?" भावोजींनी विचारलं.

"वर्ष तरी जाईल काका. जास्तही जाऊ शकतं."

भावोजींनी कप खाली ठेवला. "आणि बिल्डर पळाला तर?"

"पळू शकतो." तिने ते सरळ मान्य केलं, आणि सुहासिनीबाईंना ती तिथे आवडली. "पण खोटं लिहून दिलं तरी पाया खणताना हिरवं पाणी वर येणारच आहे. मग तो पळत तुमच्याचकडे येईल, आणि सोबत त्याचा वकील असेल."

भावोजी काही बोलणार तोच बेल पुन्हा वाजली, या खेपेला तीनदा. गद्रे वकील पाट्या वाचायचे, मानायचे नाहीत. वन्संनी त्यांनाही याच वेळेला बोलावलं होतं. 'चुकून' असं त्या म्हणाल्या.

गद्रे पंचाहत्तरीच्या पुढचे, ताठ, पांढरा शर्ट पँटीत खोचलेला. राजनंदिनीला त्यांनी ओळखलं. "अरे, तुम्ही का. मागच्या साली रंगाच्या कारखान्याच्या प्रकरणात आमच्या समोर होतात."

"हो सर."

"जिंकलात."

"हो सर."

"हं," म्हणून गद्रे खुर्चीत बसले. सुहासिनीबाईंनी त्यांना दडपे पोहे दिले आणि खोबरं वर घातलं. दोन वकील एका खोलीत आले होते. आपण होऊन जे जमलं नसतं ते वन्संच्या आगाऊपणाने जमलं होतं, म्हणून त्यांनी वन्संना मनातल्या मनात माफ करून टाकलं.

"गद्रेसाहेब," त्यांनी विचारलं, "आम्ही माहीत नाही म्हणून सही केली आणि पुढे कोणी दावा लावला, तर आम्ही जिंकू?"

"जिंकण्याचं कसं आहे वहिनी, की आधी त्यांनी सिद्ध करायचं. मग आपण नाकारायचं. मग तारखा. माझ्या हयातीत तरी निकाल लागत नाही, याची खात्री देतो."

"आणि आमच्या?"

गद्र्यांनी घास चावता चावता विचार केला. "तुमची तब्येत चांगली दिसते," ते म्हणाले.

वन्संनासुद्धा हसू आलं. भावोजी तेवढे हसले नाहीत. "वहिनी, एक विचारू? तुम्हाला नक्की काय हवंय? माती खराब आहे हे मलाही कळतं, मी त्या टाक्यांवर उभा राहिलोय. पण वर काँक्रीट येणार, फरशा येणार. कोण उकरायला जाणार आहे?"

"वाळूच्या हौदात पोरं दुसरं काय करतात, भावोजी?"

त्या पुढे बोलल्या. आवाज त्यांनी वर्गात ठेवला असता तेवढाच ठेवला. "ह्यांच्या नाकाचा पडदा गेला होता, आठवतं ना? शेडमधल्या टाक्यांच्या वाफेने. डॉक्टरांनी आरपार भोक दाखवलं होतं मला. ह्यांना वास यायचा नाही. खीर लागली तरी कळायचं नाही, गॅस राहिला तरी कळायचं नाही. स्वराली झाली तेव्हा तिला मांडीवर घेऊन हे म्हणाले, लहान बाळाचा वास येतो म्हणतात, तो कसा असतो गं? मला सांगता आलं नाही. मोठ्या माणसाने पोटासाठी पत्करलं, ते त्याचं त्याने पत्करलं. त्या वाळूत खेळायला येतील त्यांनी काय पत्करलंय? मला वाईट वाटतं, दुसरं काही नाही. मला सहीच करता येणार नाही."

स्वराली खिडकीतून उतरली आणि काकूच्या खुर्चीच्या हातावर येऊन बसली. भावोजी आपल्या नखाकडे बघत राहिले.

"जागा बघू या का?" जरा वेळाने राजनंदिनी म्हणाली. "आणि ती पाटी. स्वराली म्हणाली तिथे पाटी आहे. विहिरीचीच ना, ती 'सांगायला येऊ नये'वाली? मी आर्वीत असतानाच वाचली होती. मामांनी फोनवर पाठवली होती. पुणेकर बघा म्हणून."

गद्र्यांचा चमचा थांबला. "आर्वीत?"

"सगळीकडे गेली ती, सर. आमच्या मामांच्या ऑफिसात भिंतीला लावली होती."

"आपली पाटी? वर्ध्यात?" वन्सं सुखावून म्हणाल्या, आणि पदर सावरून सगळ्यांच्या आधी उठल्या. भावोजी मात्र जागचे हलले नाहीत. "उन्हात कशाला," ते म्हणाले. "इथूनच बोलू." पण तोवर वरात निघाली होती.

शेडला वळसा घालून सगळे विहिरीपाशी आले. फाटकावर पाटी होती. पण जुनी नव्हती. जुनीच्या जागी नवा कोरा पत्रा होता, पांढऱ्या रंगात, सुरेख अक्षरात. वन्संनी ती मोठ्याने वाचली, कारण मोठ्याने वाचल्याशिवाय त्यांचा विश्वास बसला नसता.

"'येथील पाटी काढून ठेवली आहे. का, ते विचारू नये. – अ. दी. पोंक्षे.' आणि खाली तारीख. कालची."

विहिरीत एक कबुतर फडफडलं.

"अनंतराव," गद्रे सावकाश म्हणाले, "मी पाटी काढा म्हणालो होतो."

"काढली की."

"आणि ही?"

"अहो, नुसता खिळा दिसत होता. येणारा-जाणारा विचारणार, इथली पाटी कुठे गेली. किती जणांना उत्तरं देत बसू?"

राजनंदिनीने तोंडावर हात धरला, पण ते जमलं नाही. "बाप्पा," ती म्हणाली, आणि तिची आर्वी पुरती बाहेर आली, "काका, हे काय करून ठेवलं जी तुम्ही?" मग ती जी हसत सुटली ती कठड्याला टेकली. स्वराली तर खालीच बसली. सुहासिनीबाईंनी हसायचं नाही असं ठरवलं होतं. दिराची अशी फजिती चारचौघांत बरी नव्हे. पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

वन्सं हसत नव्हत्या. वडिलांना त्या दादा म्हणत. "दादांची पाटी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"जिन्याखाली ठेवलीय, ताई. नीट ठेवलीय."

"कशी?"

"कशी म्हणजे? भिंतीला टेकवून. भिंतीकडे तोंड करून."

"दादांना," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खरंच कापला, "दादांना भिंतीकडे तोंड करून उभं केलंस? त्यांनी आख्ख्या गावाला सांगितलं की पाणी वाईट आहे. लपवलं नाही कधी. आणि तू त्यांनाच लपवलंस? जा, आधी घेऊन ये. स्वराली, तू जा गं, त्याचे गुडघे दुखतात." मग त्या गद्र्यांकडे वळल्या. "गद्रेसाहेब, पाटी काढायचा सल्ला तुमचा. चुकलात."

"चुकलो," गद्र्यांनी लगेच कबूल केलं. "मी असं धरून चाललो की पोंक्षे गप्प बसू शकतात. जुन्या पाटीवरून तुम्हाला माहीत होतं एवढं सिद्ध झालं असतं. ह्या पाटीवरून तुम्ही दडवलंत हेही सिद्ध होतंय, सही-तारखेनिशी. काहीही नाकारायचं म्हणजे अशिलाच्या तोंडाला कुलूप हवं. तुमच्या तर फाटकालाही तोंड आहे." त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "ह्या बाईंना घ्या. खरं सांगायचा वकील तुम्हाला स्वस्त पडेल. आणि वहिनी, पोहे उरले असतील तर मी आत बसतो."

भावोजी शेडच्या पायरीवर बसले होते. सगळे आपापल्यापरीने कामाला लागल्यावर सुहासिनीबाई त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या.

"गेली लिफ्ट," ते म्हणाले. रागावून नव्हे, एखाद्या पोराचं खेळणं गेल्यावर तो म्हणतो तसं. "मला वाटलं होतं निदान या वर्षी. वहिनी, मला जिना चढताना लाज वाटते. दूधवाला थांबून बघतो."

हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. सुहासिनीबाईंना एकदम वाईट वाटलं, की आपण इतके दिवस त्यांच्या लिफ्टची थट्टा केली.

"भावोजी, तुम्ही खाली या राहायला. मी वर जाते. बिल्डरला वर्ष लागो, दोन वर्षं लागोत, नाहीतर न येवो. माझे गुडघे शाबूत आहेत."

"तुमचं सगळं खाली आहे वहिनी. स्वयंपाकघर, तुळस, सगळं."

"तुळस तेवढी तुम्ही बघा. पाणी घाला. नळाचं."

भावोजींनी नाक पुसलं. "बेलची पाटी मात्र बदलावी लागेल," ते म्हणाले. "खालच्या बेलचा आवाज मोठा आहे."

वकीलपत्रावर तिघांनी विहिरीच्या कठड्यावरच सह्या केल्या. पहिली वन्संनी केली, मोठी आणि ठसठशीत. स्वरालीने आजोबांची पाटी फडक्याने पुसून तिच्या खिळ्याला लावली आणि राजनंदिनीने सगळ्या बाजूंनी तिचे फोटो घेतले.

"तुमच्याकडे ह्याहून चांगला कागद नाही," ती म्हणाली. "दडवलं नव्हतं, याचा पुरावा आहे. फक्त शेवटची ओळ कायद्यात चालायची नाही, काकू. लोक सांगायला येतात. आणि आपल्याला ऐकावं लागतं."

"दादांची ओळ खोडायची नाही," वन्सं म्हणाल्या.

"खोडत नाही," सुहासिनीबाई म्हणाल्या. "भावोजी, तुमचा तो पत्रा आणा. पुसता येईल?"

"रंग अजून ओलाच आहे. टर्पेंटाइनने निघेल."

पत्रा पुसला. भावोजींनी ब्रश बुडवला आणि वर बघितलं. सुहासिनीबाईंनी मजकूर सांगितला, शाळेत सांगायच्या तसा, एकेक शब्द सुटा करून, आणि त्यांनी तो वडिलांच्या वळणाच्या अक्षरात काढला. मग स्वरालीने तो पत्रा जुन्या पाटीच्या खाली धरला आणि वन्संनी वाचला.

'वरील पाटीतील शेवटचे वाक्य रद्द समजावे. नंतर सांगायला जरूर यावे. आम्ही इथेच राहतो.'

वन्संनी पुन्हा एकदा वाचला. या वेळी मनातल्या मनात, आणि त्याला जरा वेळ लागला.

"शुद्धलेखन बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "अनंत, खाली तारीख घाल. आणि नावं तिघांची घाल."